बँकेत न गेलेले नऊ चेक

४ मार्च

तीर्थरूप मामा,

नमस्कार. फोनच करणार होते, पण तू फोनवर नुसतं "काय? काय?" करतोस आणि माझी खासगी गोष्ट तुझ्या मजल्यावरच्या सगळ्यांना कळते. म्हणून पत्र. आईला यातलं अवाक्षरही सांगू नकोस. ती लगेच डबे भरून पाठवायला लागेल.

कंपनीने हात वर केले. सात वर्षं आमच्या माणसांचे पगार त्यांच्या देणगीतून होत होते. आता दोन ओळींचं पत्र आलंय की यापुढे त्यांचं सगळं लक्ष झाडं लावण्यावर राहील. झाडाचा पाय मोडला तर त्याला व्हीलचेअर कोण देणार, असं उत्तर मी लिहिलं होतं. मग फाडून टाकलं.

तू दोन वर्षांपूर्वी येऊन गेलास त्यानंतर इथे काही बदललेलं नाही. त्याच दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत कुबड्या, वॉकर, व्हीलचेअरी, आणि त्या ढिगात कुठेतरी मिस्त्री. ज्याच्या घरी कुणी पडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, त्याने यावं, लागेल ती वस्तू न्यावी, माणूस चालायला लागला की परत आणून द्यावी. भाडं नाही. मिस्त्री दुरुस्त्या करतात, काउंटरबाई नोंदी ठेवतात, गाडीवाला सामान पोचवतो, व्यायामबाई लोकांच्या घरी जाऊन त्यांना उठायला-चालायला शिकवतात. चौघं माणसं, आणि पाचवी मी.

तर मी ठरवलंय. माझा पगार या महिन्यापासून बंद. चौघांना काहीही कळू द्यायचं नाही. गंगाजळी जूनअखेरपर्यंत पुरेल. तू घालून दिलेली पद्धत चालूच आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी टेबलाभोवती चहा, आणि ज्याचा त्याचा चेक त्याच्या हातात. हिशेब लिहिणारे गृहस्थ जानेवारीत सोडून गेले, त्यामुळे हिशेबही मीच बघते. त्यात काही अवघड नाही. दर सोमवारी बँकेतली शिल्लक बघायची. शिल्लक आहे तोवर आपण आहोत.

स्कूटर विकली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं सगळ्यांना सांगितलं. गाडीवाला म्हणतो, "ताई, चालायला लागल्यापासून तुमच्या चेहऱ्यावर तेज आलंय." तेज कसलं, घाम आहे तो.

आणखी एक. अडचणीतल्या संस्थांना हात देणारा एक निधी आहे. सहा महिने मदत करतात, शिवाय त्यांचा माणूस येऊन सगळ्यांबरोबर बसतो, कुठे गळतंय ते शोधतो. अर्जाची मुदत ३० जून. अर्ज आणलाय, पण त्यातल्या एका प्रश्नावर अडले आहे. "कर्मचाऱ्यांना परिस्थितीची पूर्ण कल्पना दिली आहे का?" आता यावर काय लिहू, तूच सांग.

तुझी
भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. त्या प्रश्नावर "हो" लिही. आणि ते लिहिण्याआधी चौघांना बसवून सगळं सांग, म्हणजे ते खरंही होईल. इतकं सोपं आहे.

चौतीस वर्षं मी बँकेत काउंटरमागे बसलो. ज्याचं खातं रिकामं होत आलंय तो माणूस दारातून आत येतानाच ओळखू यायचा. तो गरजेपेक्षा जास्त हसायचा. तू हल्ली ऑफिसात हसत असतेस का? असशील तर त्या चौघांना केव्हाच कळलंय असं समज.

आणि शिल्लक बघणं म्हणजे हिशेब नव्हे. हे मी तुला दहावीच्या सुट्टीत शिकवलं होतं, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस. एकटीने डोंगर उचलायची हौस तुला तुझ्या वडिलांकडून आली आहे. आमच्या बाजूला ही खोड नाही. मी तर पिशवीसुद्धा दुसऱ्याला धरायला लावतो.

आईला काही सांगणार नाही. डबे मात्र पाठवले तर नाही म्हणू नकोस. चालून भूक लागत असेल.

तुझा
मामा


२ एप्रिल

माननीय मामासाहेब,

नमस्कार. मी संस्थेतला मिस्त्री. तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्या चष्म्याची काडी सायकलच्या तारेने बसवून दिली होती, तो मी. अजून टिकली असेल.

हे पत्र ताईंना कळता कामा नये. कारण असं, की कंपनीचं पत्र आलं ते काउंटरबाईंनीच फोडलं. टपाल फोडायचं कामच त्यांचं आहे, त्यात त्यांची चूक नाही. त्यांनी वाचलं, आम्हाला वाचून दाखवलं, परत चिकटवलं आणि ताईंच्या टेबलावर ठेवलं. आम्ही वाट बघत बसलो की आता ताई सांगतील, मग सांगतील. त्या सांगेनात. नुसत्या हसतात. सकाळी आल्या की हसतात, जाताना हसतात. परवा पावतीपुस्तक संपलं तरी हसल्या. आम्हाला बघवेना.

मग आम्ही चौघांनी मागच्या खोलीत बसून ठरवलं. संस्था बंद पडली तर या सामानाचं भंगार होईल. माझ्या हातून गेलेल्या खुर्च्यांवर आज चाळीस घरांत माणसं बसलेली आहेत. त्या कुठे न्यायच्या? तेव्हा पगाराचा चेक घ्यायचा, आभार मानायचे, आणि बँकेत भरायचाच नाही. पैसे खात्यात राहतील, ताईंना धीर राहील. माझा चेक पान्यांच्या डब्यात आहे. काउंटरबाईंनी उशीच्या अभ्र्यात ठेवलाय, व्यायामबाईंनी कुठे ठेवलाय ते त्या सांगत नाहीत. गाडीवाल्याला दोन लहान मुलं आहेत, म्हणून त्याला आम्ही चेक भरायला लावला. तर तो ऐकेना. आता तो चेक भरतो आणि अर्धे पैसे काउंटरवरच्या देणगीपेटीत टाकतो.

आमचं भागतंय. मी सकाळी सायकली दुरुस्त करतो. काउंटरबाईंचा मुलगा कमावता आहे. व्यायामबाई संध्याकाळी एका दवाखान्यात जातात, पण त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलंय हे खरं.

विचारायचं एवढंच, की चेक किती दिवस टिकतो? तुम्ही बँकेतले. आणि शब्द द्या, की ताईंना सांगणार नाही.

आपला
मिस्त्री


९ एप्रिल

मिस्त्री यांस,

नमस्कार. काडी टिकली आहे. चष्म्याच्या काचा गेल्या, काडी आहे.

चेक तीन महिने टिकतो. त्यानंतर त्याच्यात पुड्या बांधता येतात. तुमच्या मार्चच्या चेकचा जूनअखेर कागद होईल, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही चौघं मूर्ख आहात. हे मी अत्यंत आदराने लिहीत आहे. पत्र वाचून मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. पण तुम्ही तिच्यापासून लपवताय, ती तुमच्यापासून लपवते आहे, आणि दोघांच्या मधे ते बँकेचं खातं खोटं बोलतंय. हे चांगल्याने संपणार नाही. तिला सांगा.

शब्द मागितलात म्हणून देतो. चौतीस वर्षांत एकाचं खातं दुसऱ्याला सांगितलं नाही, आता काय सांगणार. पण पश्चात्ताप होतोय.

आपला
मामा


१ जून

प्रिय मामा,

बस. आधी बस आणि मग वाच.

तुझी भाची हिशेबात हुशार निघाली! एप्रिल गेला, मे गेला, आणि बँकेतली शिल्लक जवळजवळ आहे तेवढीच आहे. मी आधी डोळे चोळले. मग विचार केला आणि उलगडा झाला. हे सगळं काटकसरीचं फळ आहे. मागच्या खोलीतला पंखा मी दुपारी बंद करते. आलेली पाकिटं उलटी करून वापरते. चहात साखर कमी केली. थेंबाथेंबाने किती वाचतं, हे आपल्याला कळतच नाही.

आणि देणगीपेटी! ती तर दर महिन्याला भरभरून निघते. गेल्या वर्षी त्यात बटणं आणि एक बसचं तिकीट निघालं होतं. समाज जागा आहे रे मामा, आपणच उगाच त्याला नावं ठेवतो.

तर मी दोन निर्णय घेतले. पहिला, चौघांना पगारवाढ दिली. शनिवारी मेचे चेक देताना जाहीर केलं, दहा टक्के. त्यांचे चेहरे तू बघायला हवे होतेस. मिस्त्री पाणी प्यायला उठून गेले. काउंटरबाई म्हणाल्या, "ताई, कशाला?" बघ, किती साधी माणसं आहेत. मला भरून आलं.

दुसरा, निधीचा अर्ज करायचा नाही. आपल्याहून अडचणीतल्या संस्था असतील, त्यांच्या तोंडचं का काढा? निधीचं काम बघणाऱ्या बाईंना तसं पत्र लिहून ठेवलंय, या आठवड्यात टाकते.

माझा पगार मात्र अजून घेत नाही. घरमालकांशी बोलून घेतलंय, ते थांबायला तयार आहेत. तुझी पत्रं हल्ली येत नाहीत. रागावलास का?

तुझी हुशार
भिंगरी


२ जून

मामासाहेब,

घोटाळा झालाय. ताईंनी पगार वाढवला. आता आम्ही न भरलेले चेक आणखी मोठे झालेत. काउंटरबाईंना रात्री झोप नाही. गाडीवाला विचारतो, की आता पेटीत अर्धे टाकायचे की वाढीचे पण टाकायचे. ताई निधीचा अर्ज करणार नाहीत म्हणतात. तुम्हीच काहीतरी करा. पण आमचं नाव येऊ देऊ नका.

मिस्त्री


८ जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. रागावलेलो नाही. एका शब्दात अडकलो आहे, त्याबद्दल पुढे कधीतरी.

निधीला लिहिलेलं ते पत्र टाकू नकोस. टाकलं असशील तर पोस्टाच्या पेटीशी उभी राहून पोस्टमनच्या हातापाया पड. आणि मी सांगतो तेवढं एक काम कर. कारण विचारू नकोस.

चेकबुकं काढ. मार्चपासून तू लिहिलेल्या प्रत्येक चेकची अर्धी चिठ्ठी चेकबुकात राहिली असेल. बँकेकडून खात्याचा उतारा घे. दोन्ही शेजारी ठेव. एकेक चेक उताऱ्यात शोध आणि सापडला की पेन्सिलने टिक कर. दार लावून बस, आणि जवळ पाणी ठेव.

पंखा बंद करून कुणाचा पगार निघत नाही गं बाळा. तो चालू कर. मागच्या खोलीत माणूस काम करतो.

तुझा
मामा


१७ जून

मामा,

तुझं ऐकलं. टिका केल्या. नऊ चेकांपुढे टिक आली नाही.

आधी मला वाटलं बँकेचा गोंधळ आहे. मी तरातरा बँकेत गेले आणि त्या खिडकीतल्या बिचाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. आमच्या गरीब माणसांचे चेक तीन महिने दाबून ठेवता, लाज नाही वाटत, वगैरे. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, हे चेक आमच्याकडे आलेच नाहीत. कुणी भरलेच नाहीत." मी तिथल्या बाकावर बसले. व्यायामबाईंच्या डोळ्यांखालचं काळं आठवलं. मी त्यांना लवकर झोपत जा म्हणून सल्ला दिला होता.

परत येऊन चौघांना टेबलाशी बसवलं आणि विचारलं. मग मिस्त्री उठले, पान्यांचा डबा घेऊन आले आणि तेलकट बोटांनी तीन चेक माझ्यापुढे ठेवले. काउंटरबाई घरी जाऊन उशीच्या अभ्र्यातले तीन घेऊन आल्या. व्यायामबाईंचे तीन त्यांच्या त्या व्यायामाच्या तक्त्यामागे चिकटवलेले होते. गेले तीन महिने मी रोज त्याच्यासमोरून जात होते. गाडीवाल्याने खाली बघून देणगीपेटीचं सांगितलं. मग मी रागावले. खूप रागावले, मामा. म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? माझ्यावर विश्वास नव्हता का?

त्यावर काउंटरबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, चेक मी लिहिते. तुम्ही फक्त सही करता. मार्चपासून मी चारच चेक लिहितेय. पाचवा कुठे आहे?"

मी कागद-पेन पुढे ओढलं.

मग आम्ही बेरीज केली. नऊ चेक भरले आणि जूनचे पगार दिले, की खात्यात चहापुरते पैसे उरतात. म्हणजे मी जिला काटकसर म्हणत होते, ती त्यांची उपासमार होती. पगारवाढ दिली मी त्यांना! ते हसले नाहीत हेच त्यांचे उपकार.

नऊही चेक त्यांना दुसऱ्या दिवशी भरायला लावले. गाडीवाल्याने आधी मला बँकेत सोडलं आणि मग बाकीच्यांना घेऊन आला, कुणी पळू नये म्हणून. त्या खिडकीतल्या माणसाची मी माफी मागितली. संध्याकाळी पाचही जणांनी मिळून निधीचा अर्ज भरला. "कर्मचाऱ्यांना कल्पना आहे का" या प्रश्नावर व्यायामबाई म्हणाल्या, लिहा, कर्मचाऱ्यांना होती, संचालिकेला नव्हती. तेच लिहिलं. अर्ज काल गेला. मिळेल की नाही, माहीत नाही. नाही मिळाला तर जुलैअखेर कुलूप लावावं लागेल, आणि हे या वेळी पाचही जणांना माहीत आहे. विचित्र आहे, पण मी काल तीन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपले.

आणि हो, तुला माहीत होतं. मिस्त्रींनी कबूल केलं. तुझ्याशी मी आठ दिवस बोलणार नाही.

भिंगरी


२४ जून

चि. भिंगरीस,

आठ दिवस संपले असतील म्हणून लिहितो.

मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. दिलेला शब्द पाळला, पण तीन महिने व्यायामबाई दोन ठिकाणी राबत होत्या हेही मला माहीत होतं. शब्द लवकर मोडायला हवा होता असं आता वाटतं. तुझा राग रास्त आहे.

पण एक सांगतो. बँकेतल्या बाकावर बसलीस तेव्हा तुला लाज वाटली असणार. वाटू दे थोडी, आणि मग सोडून दे. बँकेत मी हजारो पगार जाताना बघितले. लोक पगार उचलायला मारामारी करतात. पगार न उचलण्याचा कट मी आयुष्यात एकदाच बघितला. तशी माणसं तुझ्या हाताखाली सात वर्षं टिकली, याचा अर्थ तू अगदीच वाईट नाहीस. हिशेबात मात्र शून्य आहेस. अर्ज मंजूर झाला तर निधीवाल्यांच्या माणसाकडून नीट शीक आणि या वेळी खिडकीबाहेर बघू नकोस.

तुझा
मामा


२ ऑगस्ट

माननीय मामासाहेब,

नमस्कार. आता हे पत्र ताईंना सांगून लिहितोय, म्हणजे अर्धं सांगून.

निधी मिळाला. सगळा नाही. सहा महिने अर्धे पगार ते देणार, अर्धे आपण उभे करायचे. निधीवाल्या बाई स्वतः येऊन दोन दिवस आमच्यात बसल्या. त्यांनी स्टूल ओढून माझ्याजवळच ठाण मांडलं, एक चाक पण बसवून बघितलं, उलटं बसवलं. आता ज्यांना परवडतं ते वस्तूमागे थोडं भाडं देतात, ज्यांना नाही ते नाही. हे कुणाकडे मागायचं आणि कुणाकडे नाही, ते काउंटरबाई तोंड बघून ओळखतात. हिशेब दर महिन्याला पुढच्या खोलीतल्या भिंतीवर लागतो, कुणीही वाचावा.

वाईट एवढंच, की व्यायामबाई आता अर्धा दिवसच येतात. त्यांना दवाखान्यात कायमची जागा मिळाली, आम्हीच त्यांना घ्यायला लावली. त्या पहिल्या दुपारी गेल्या तेव्हा मागची खोली फार मोठी वाटली.

निधीवाल्या बाईंची एक अट होती. पाचही जणांनी पगार घ्यायचा, आणि घेतल्याचा पुरावा पाठवायचा. परवा शनिवारी चेक वाटले. काउंटरबाईंनी पाच लिहिले. ताईंनी आपला घेतला, आभार मानले, हसल्या आणि पर्समध्ये घातला. ते हसू बघितल्याबरोबर आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मी दार लावलं.

काउंटरबाई म्हणाल्या, "ताई, चला बँकेत."

"सोमवारी जाते की."

"आज जाऊ. अजून एक तास बँक उघडी आहे."

ताई म्हणाल्या, छताची गळती आहे, ती आधी करू, माझ्या पगाराची काय घाई. व्यायामबाई म्हणाल्या, "तुम्ही भरला नाहीत तर आम्हीही भरणार नाही. आमच्याकडे जागा भरपूर आहे चेक ठेवायला." मग गाडी काढली. पाच जण त्या गाडीत कसे मावलो ते विचारू नका, मी व्हीलचेअरमध्ये बसून गेलो.

बँकेत आम्ही ताईंना रांगेत पुढे उभं केलं आणि मागे चौघं. त्यांनी स्लिप भरली, आकडा लिहिला, आणि तिथे त्यांचा हात थांबला. मागचा माणूस कुरकुर करायला लागला, त्याला गाडीवाल्याने डोळे दाखवले. मग ताई वळल्या आणि म्हणाल्या, "घरमालकाचे चार महिन्यांचे द्यायचे आहेत. मी कुणाला सांगितलंच नव्हतं." आणि तिथेच, सगळ्या लोकांसमोर, लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. काउंटरबाईंनी त्यांना जवळ घेतलं, व्यायामबाईंनी त्यांच्या हातातला चेक काढून खिडकीत सरकवला. मी वयाने मोठा माणूस, मी छताकडे बघत राहिलो. गाडीवाल्याला मात्र बघावं लागलं नाही, तो सरळच रडत होता.

चेक भरला आहे. पावती काउंटरबाईंकडे आहे.

ताईंनी मला बजावलंय, की मामांना सगळं लिहा, पण मी रडले ते लिहू नका. मी त्यांना शब्द दिला आहे. तेव्हा ते लिहिलेलं नाही असं समजावं.

आपला
मिस्त्री